पन्नास डॉलरची सही

बँकेत लागल्यावर पहिली काही वर्षं माझ्याकडे सह्या पडताळण्याचं काम होतं. हाताशी नमुना सह्यांची कार्डं, समोर चेकची चळत. सही जुळली की चेक पास, नाही जुळली की परत. एकदा नुकतंच लग्न झालेल्या एका बाईंचा चेक मी असाच परत केला. कार्डावर सासरच्या नावाची सही होती आणि चेकवर हात सवयीने माहेरचं नाव लिहून गेला होता. आपल्याकडे तेव्हा लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा पहिलं नावही बदलत असत. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुनं नाव धरणारी मुलगी जणू संपलीच! त्या बाई काउंटरवर आल्या, दोन्ही सह्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि दोन्ही आपल्याच आहेत एवढंच सांगून गेल्या. नियमाने माझं बरोबर होतं. तरी तो प्रसंग मनातून गेला नाही.

पुढे कधीतरी मेरिलिन मन्रोची हकिकत वाचताना त्या बाई मला पुन्हा आठवल्या. २७ मे १९४९ रोजी हॉलिवूडमधल्या टॉम केली या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत एका बेकार नटीने एका कागदावर सही केली. चार-पाच दिवसांनी तिला तेवीस वर्षं पूर्ण होणार होती. लाल मखमलीवर काढलेली आपली विवस्त्र छायाचित्रं वापरायला हरकत नाही, असा तो कागद होता. मोबदला ५० डॉलर. सही होती ‘मोना मन्रो’. हे तिचं नाव नव्हतं. ‘मेरिलिन मन्रो’ हेही तिचं जन्मनाव नव्हतं, ते स्टुडिओने दिलेलं होतं. आमच्या काउंटरवर ती सही कुठल्याच कार्डाशी जुळली नसती. पण त्या कागदाच्या जोरावर पुढे जे व्यवहार झाले, ते सगळे बिनबोभाट पास झाले.

तिच्या रूपाबद्दल, लग्नांबद्दल, केनेडींबद्दल, मृत्यूबद्दल ढिगांनी पुस्तकं निघाली आहेत. त्यात भर घालण्याचा माझा इरादा नाही. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला तिच्या गोष्टीत वेगळंच काही दिसतं. स्वतःच्या चेहऱ्याचं खातं स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी ती सोळा-सतरा वर्षं झटत होती, असं मला वाटतं.

ती १ जून १९२६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जन्मली. नाव नॉर्मा जीन मॉर्टेनसन. मॉर्टेनसन हे आईपासून वेगळ्या झालेल्या नवऱ्याचं आडनाव. पुढे मुलगी आईच्या पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने, बेकर म्हणून वाढली. खरे वडील चार्ल्स स्टॅनली गिफर्ड नावाचे आईच्या कामाच्या ठिकाणचे गृहस्थ होते, हे २०२२ मध्ये डीएनए तपासणीतून पक्कं झालं. म्हणजे जन्मापासूनच कागद एक सांगत होते आणि वस्तुस्थिती दुसरी होती.

आई ग्लॅडिस एका फिल्म लॅबोरेटरीत निगेटिव्ह कापण्या-जोडण्याचं काम करी. ज्या मुलीचा चेहरा पुढे जगभर फिरला, तिची आई रोज दुसऱ्यांचे चेहरे कात्रीने कापून जोडत होती! मुलीला सांभाळणं जमेना म्हणून जन्मल्यावर लवकरच तिने तिला एका धार्मिक कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर आईने कर्ज काढून हॉलिवूडजवळ एक लहानसं घर घेतलं आणि मुलीला तिथे आणलं. मायलेकींचं ते घर काही महिनेच टिकलं. १९३४ च्या सुरुवातीला ग्लॅडिसचं मन ढासळलं, तिला रुग्णालयात नेण्यात आलं. त्यानंतर ती पूर्ण बरी अशी कधी झालीच नाही. घर गेलं. मुलगी या घरातून त्या घरात फिरत राहिली आणि १९३५ च्या सप्टेंबरात अनाथालयात दाखल झाली. तिथल्या खिडकीतून आरकेओ या फिल्म कंपनीची पाण्याची टाकी दिसायची. चरित्रकारांना ही टाकी फार आवडते. मला मात्र ते हप्ते थकलेलं घर जास्त बोलकं वाटतं.

सोळावं वर्ष पूर्ण झाल्यावर तीनच आठवड्यांत, १९४२ च्या जूनमध्ये, शेजारच्या जिम डॉहर्टी या तरुणाशी तिचं लग्न लावून देण्यात आलं. पालक कुटुंब दुसऱ्या राज्यात जायला निघालं होतं आणि तिला बरोबर नेता येत नव्हतं. लग्न झालं नसतं तर पुन्हा अनाथालयाची पायरी होती. आपल्याकडच्या जुन्या पिढीला अशा लग्नांचं कारण वेगळं समजावून सांगायला नको.

महायुद्ध चालू होतं. नवरा व्यापारी जहाजावर गेला आणि नॉर्मा जीन व्हॅन नाइजच्या रेडिओप्लेन कारखान्यात कामाला लागली. तोफखान्याच्या सरावासाठी लागणारी बिनवैमानिकाची छोटी विमानं तिथे बनत. लष्कराच्या चित्रपट विभागाकडून डेव्हिड कॉनोव्हर हा छायाचित्रकार तिथे आला. युद्धकाळात कारखान्यात राबणाऱ्या स्त्रियांची, सैनिकांचा हुरूप वाढवणारी छायाचित्रं काढायची होती. त्याच्या कॅमेऱ्यासमोर ही मुलगी आली. १९४५ मध्ये तिने कारखाना सोडला आणि ऑगस्टमध्ये एमेलिन स्नाइव्हली यांच्या ‘ब्लू बुक’ या मॉडेल एजन्सीत नाव नोंदवलं. शिकवणीची फी शंभर डॉलर होती. ती जवळ नव्हती, म्हणून कमाईतून वळती करून घ्यायचं ठरलं. म्हणजे मॉडेल म्हणून तिच्या खात्यावर पहिली नोंद पडली ती कर्जाची.

फॅशनच्या कपड्यांसाठी सडपातळ अंगाच्या मुली लागत. हिचा बांधा भरलेला, बघणाऱ्याची नजर कपड्याऐवजी तिच्यावरच खिळायची. मग एजन्सीने तिला मासिकांच्या मुखपृष्ठांकडे, जाहिरातींकडे आणि सैनिक बराकीच्या भिंतीवर टाचून ठेवत त्या ‘पिन-अप’ चित्रांकडे वळवलं. तिचे मूळचे तपकिरी कुरळे केस सरळ करून सोनेरी रंगवण्यात आले. त्या केसांसकट पुढे जगाने तिला ओळखलं. १९४६ च्या वसंतापर्यंत तेहतीस मासिकांच्या मुखपृष्ठावर ती झळकली होती.

इथे तिची एक सवय सांगायला हवी. छायाचित्रं छापून आली की ती स्वतःचा प्रत्येक प्रिंट परीक्षेच्या पेपरासारखा तपासायची आणि आपलं काय चुकलं हे छायाचित्रकाराला खोदून खोदून विचारायची. मान कुठे वळली, हसताना ओठ किती उघडले, उजेड गालावर कसा पडला. शिकलेली मुलगी नव्हती, शाळा अर्धवट सुटलेली. पण या एका विषयात तिने जो अभ्यास केला, तो पदवीच्या तोडीचा होता. भोळी, अडाणी सोनेरी बाहुली ही तिची पुढची प्रतिमा ज्यांनी खरी मानली, त्यांनी हे प्रिंट तपासणारे डोळे पाहिले नव्हते.

जुलै १९४६ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीत बेन लायन यांनी तिची चाचणी घेतली. रंगीत फिल्मवर, पण मूक! आवाज नाही, संवाद नाही. ती चालली, बसली, वळली. तिला ज्यात गती होती तेवढंच मागितलं गेलं. २४ ऑगस्टला करार झाला, आठवड्याला ७५ डॉलर. वय एकवीसच्या आत असल्याने करारावर पालक म्हणून ग्रेस गोडार्ड या आईच्या मैत्रिणीची सही लागली. ‘मेरिलिन’ हे लायन यांनी मेरिलिन मिलर या नटीवरून सुचवलं, ‘मन्रो’ हे आईचं माहेरचं आडनाव. म्हणजे निदान अर्धं नाव तरी तिच्या घरचं होतं. त्याच सप्टेंबरात डॉहर्टींशी घटस्फोट झाला; तिने काम करावं हेच त्यांना पसंत नव्हतं.

करार झाला म्हणजे नटी झाली, असं नव्हे. वर्षभरात दोन किरकोळ भूमिका मिळाल्या आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये फॉक्सने करार वाढवला नाही. १९४८ मध्ये कोलंबियाने सहा महिन्यांसाठी घेतलं आणि सोडून दिलं. मॉडेलिंगची कामं पुन्हा सुरू झाली, भाडं थकलं आणि टॉम केलीच्या स्टुडिओतला तो दिवस उजाडला.

त्यातलं एक छायाचित्र शिकागोच्या एका कॅलेंडर छापणाऱ्याने ५०० डॉलरला घेतलं. गॅरेजांमधून, न्हाव्यांच्या दुकानांतून ते लागलं. १९५० मध्ये ‘द अस्फाल्ट जंगल’ आणि ‘ऑल अबाउट ईव्ह’मधल्या छोट्या भूमिकांनी ती लोकांच्या डोळ्यांत भरली, फॉक्सने पुन्हा सात वर्षांसाठी बांधून घेतलं आणि १९५२ च्या मार्चमध्ये बभ्रा झाला की कॅलेंडरवरची बाई तीच. स्टुडिओचे लोक घाबरले. ती मी नव्हेच, असं म्हणून मोकळं व्हावं, असा त्यांचा सल्ला होता. तिने तो मानला नाही. हो, मीच, भाडं द्यायला पैसे नव्हते, असं तिने सरळ सांगून टाकलं. लोकांची सहानुभूती तिच्याकडे गेली. मोना मन्रो नावाच्या सहीची जबाबदारी तिने स्वतःहून स्वतःच्या अंगावर घेतली, आणि माझ्या मते मॉडेल संपून नटी सुरू झाली ती इथे.

डिसेंबर १९५३ मध्ये ह्यू हेफ्नर या तरुणाने तेच चित्र ५०० डॉलरला मिळवून ‘प्लेबॉय’चा पहिला अंक काढला. पन्नास हजारांवर प्रती खपल्या, त्याचं साम्राज्य उभं राहिलं. मेरिलिनला केलीकडून मिळालेल्या पन्नास डॉलरवर एक सेंटही वर मिळाला नाही.

१९५३ हे तिचं वर्ष. ‘नायगारा’, ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ आणि ‘हाउ टू मॅरी अ मिल्यनेअर’. जूनमध्ये जेन रसेलबरोबर तिने हॉलिवूडच्या चायनीज थिएटरसमोरच्या ओल्या सिमेंटमध्ये हातापायांचे ठसे उमटवले. पण पगाराचं पत्रक पाहिलं तर हसू येतं. जुन्या कराराने बांधलेली असल्याने तिला आठवड्याचा पगार, आणि तो रसेलला मिळालेल्या रकमेपुढे अगदीच मामुली. चित्रपट कुठला करायचा, दिग्दर्शक कोण, हे ठरवण्यात तिला शब्द नाही. १९५४ च्या जानेवारीत एका संगीतपटाची संहिता आधी वाचायला मिळावी म्हणून ती अडून बसली, तर कंपनीने तिला निलंबित केलं. त्याच महिन्यात तिने बेसबॉलपटू जो डिमॅजिओशी लग्न केलं. मधुचंद्राला जपानला गेली आणि तिथून कोरियात जाऊन चार दिवसांत साठ हजारांहून अधिक सैनिकांसमोर गायली.

सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, भुयारी रेल्वेच्या जाळीवर तिचा पांढरा झगा उडाला. ‘द सेव्हन इयर इच’मधला तो प्रसंग. रात्रीच्या वेळी हजाराहून जास्त बघे जमले होते, आणि त्यांत नवराही होता. तिथल्या गोंगाटामुळे ते चित्रण पुन्हा स्टुडिओत करावं लागलं. रस्त्यावरचा तो सारा खटाटोप मुख्यतः जाहिरातीच्या कामी आला. लग्न मात्र मोडलं. ऑक्टोबरात घटस्फोटाचा अर्ज झाला.

आणि मग ही अडाणी समजली गेलेली बाई जे करून बसली, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. १९५४ सरता सरता ती हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला गेली. छायाचित्रकार मिल्टन ग्रीनला सोबत घेऊन जानेवारी १९५५ मध्ये तिने ‘मेरिलिन मन्रो प्रॉडक्शन्स’ ही कंपनी जाहीर केली. अध्यक्ष ती स्वतः, निम्म्याहून अधिक भाग तिच्या नावावर. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. दस्तयेव्स्कीच्या कादंबरीवरच्या चित्रपटात काम करण्याची इच्छा तिने बोलून दाखवली होती, त्याचे विनोद झाले. ती ली स्ट्रासबर्ग यांच्या ॲक्टर्स स्टुडिओत मागच्या रांगेत बसून शिकू लागली. घरखर्च ग्रीन चालवत होता. त्यासाठी त्याने स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, असं सांगतात. खरं असेल तर माझ्यातला कर्ज विभागाचा अधिकारी त्याला सलाम करतो.

जूनमध्ये ‘सेव्हन इयर इच’ लागला आणि धो धो चालला. फॉक्सला शहाणपण सुचलं. वर्ष संपताना नवा करार झाला: सात वर्षांत चार चित्रपट, प्रत्येकी एक लाख डॉलर, विषय, दिग्दर्शक आणि छायाचित्रणकार यांना तिची पसंती हवी, शिवाय स्वतःच्या कंपनीसाठी काम करायची मोकळीक. स्टुडिओच्या मालकांपुढे भलेभले नट हात जोडून उभे राहत, त्या काळात एका एकोणतीस वर्षांच्या बाईने हे लिहून घेतलं. १९५६ मध्ये तिने कायद्यानेही मेरिलिन मन्रो हे नाव घेतलं. सही आणि कार्ड अखेर जुळलं.

त्या करारातला ‘बस स्टॉप’ (१९५६) पाहावा. गाणं येत नसलेल्या गायिकेचं काम तिने असं केलंय की हसता हसता आपणच ओशाळतो. स्वतःच्या कंपनीचा म्हणून एकच चित्रपट निघाला, इंग्लंडमध्ये केलेला ‘द प्रिन्स अँड द शोगर्ल’ (१९५७). दिग्दर्शक आणि नायक लॉरेन्स ऑलिव्हिए. दोघांचं जमलं नाही. पडद्यावर मात्र त्या थोर नटापेक्षा नजर तिच्याकडेच जाते, निदान माझी तरी. नाटककार आर्थर मिलर यांच्याशी १९५६ च्या जूनमध्ये तिने लग्न केलं होतं. ते अमेरिकन संसदीय समितीच्या चौकशीत अडकले असताना, कारकीर्द धोक्यात येईल असं बजावलं जात असूनही, ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. ग्रीनशी मात्र बिनसलं. १९५७ मध्ये एक लाख डॉलर देऊन तिने त्याचा भाग घेतला.

पण एक हिशेब तिला कधी सुटला नाही. स्थिर कॅमेऱ्यासमोर ती राणी होती. तिथे एक क्षण साधला की झालं. चलच्चित्राच्या कॅमेऱ्याला तोच क्षण पुनःपुन्हा हवा असतो, शब्दांसह, ठरल्या जागी. तिथे तिची गाळण उडे. तासन्‌तास उशीर, विसरलेली वाक्यं, झोपेच्या गोळ्या. ‘सम लाइक इट हॉट’च्या वेळी दोन-तीन शब्दांच्या वाक्याला सत्तेचाळीस टेक झाले, बिली वाइल्डर मेटाकुटीला आले. आमच्या पिढीने या चित्रपटाची हिंदी नक्कल ‘रफू चक्कर’ (१९७५) आधी पाहिली आणि पोट धरून हसली. मूळ चित्रपट मी पुढे पाहिला, तेव्हा त्या सत्तेचाळीस टेकचा मागमूस कुठे दिसतो का हे शोधत होतो. दिसत नाही. विनोदी भूमिकेसाठीचा गोल्डन ग्लोब तिला त्याच कामाबद्दल मिळाला.

संसार टिकला नाही, मूल हवं होतं ते झालं नाही. मिलर यांनी तिच्यासाठी लिहिलेला ‘द मिसफिट्स’ नेवाडाच्या उन्हात पुरा झाला, १९६१ च्या जानेवारीत घटस्फोट झाला आणि तो तिचा शेवटचा पूर्ण चित्रपट ठरला. पुढच्या वर्षी तिने ब्रेंटवुडमध्ये कर्ज काढून एक घर घेतलं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर, वय पस्तीस. आईचं घर गेलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. फॉक्ससाठी ‘समथिंग्ज गॉट टू गिव्ह’ करत होती, मोबदला तोच करारातला एक लाख. त्याच कंपनीने ‘क्लिओपात्रा’साठी एलिझाबेथ टेलरला दहा लाख कबूल केले होते. आजारपणामुळे ती फारच थोडे दिवस चित्रीकरणाला आली. ७ जूनला तिला काढून टाकण्यात आलं.

मग ती परत जुन्या कॅमेऱ्याकडे गेली. त्या उन्हाळ्यात तिने मासिकांसाठी छायाचित्रं काढून घेतली. ‘व्होग’साठी बर्ट स्टर्न यांनी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात सुमारे अडीच हजार टिपली. पाहायला पाठवलेल्या प्रिंटांतली जी आवडली नाहीत, त्यांवर तिने केशरी रंगाने फुल्या मारल्या, काही पारदर्शिका तर टोकदार काहीतरी घेऊन खरवडल्या आणि परत पाठवून दिल्या. सतरा वर्षांपूर्वीची सवय! फॉक्सशीही पुन्हा बोलणी सुरू झाली होती. ४ ऑगस्टच्या रात्री झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्या नव्या घरात तिचा मृत्यू झाला. वय छत्तीस. शवचिकित्सकांनी आत्महत्या असावी असं मत नोंदवलं. अंत्यविधीची व्यवस्था डिमॅजिओने पाहिली आणि पुढे वीस वर्षं तिच्या समाधीवर आठवड्यातून अनेकदा गुलाब पोचत राहिले. याला आम्ही स्थायी सूचना म्हणतो. एवढी इमानाने पाळलेली मी दुसरी पाहिली नाही.

मृत्युपत्रात तिने आईची सोय केली होती. बाकीचा मोठा वाटा ली स्ट्रासबर्ग यांना मिळाला, त्यांच्यामागे तो त्यांच्या पत्नीकडे गेला. १९९९ मध्ये तिच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात १ कोटी ३४ लाख डॉलर जमले. पण चेहऱ्याचं काय? इथे खरी गंमत आहे. ती मेल्यावर व्यवस्थापकांनी कॅलिफोर्नियाचा कर वाचवण्यासाठी ती न्यूयॉर्कची रहिवासी असल्याचं सांगितलं होतं. पुढे प्रसिद्ध व्यक्तीच्या मृत्यूनंतरही तिच्या प्रतिमेवर वारसांचा हक्क मानणारा कायदा कॅलिफोर्नियात झाला, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा तसा नव्हता. मग वारसांना ती कॅलिफोर्नियाची ठरायला हवी होती. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो दावा मान्य केला नाही. समोरच्या बाजूला मिल्टन ग्रीनचे वारस होते, आणि टॉम केलीचा स्टुडिओही.

हेफ्नरने १९९२ मध्ये ७५ हजार डॉलर देऊन तिच्या शेजारची समाधीची जागा विकत घेतली आणि २०१७ पासून तो तिथेच आहे. अँडी वॉरहॉलने ‘नायगारा’च्या प्रसिद्धी छायाचित्रावरून केलेलं तिचं एक चित्र मे २०२२ मध्ये साडेएकोणीस कोटी डॉलरला गेलं.

बर्ट स्टर्न यांनी त्या शेवटच्या छायाचित्रांचं पुस्तक १९८२ मध्ये काढलं. तिने नाकारलेली चित्रंही त्यात छापली आहेत, केशरी फुल्यांसकट.